जुन्या कथांचा नवा अवतार



एकदां गाजून गेलेलें चित्र पुनः नव्यानें काढण्याची जी चढाओढ आज लागली आहे, तिच्याविषयीं सुशिक्षित घरांतून एक ठराविक तक्रार ऐकूं येते. कल्पकता आटली, नवी कथा सुचेनाशी झाली, म्हणून निर्माते आजोबांच्या वेळच्या पराक्रमाच्या आणि अद्भुताच्या कथा पेटींतून काढतात, झटकतात आणि नवा मुलामा देऊन विकतात, असा त्या तक्रारीचा मथितार्थ. तक्रारींत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु ही खोड आजचीच आहे असें जें गृहीत धरलें जातें, तें मात्र इतिहासाला धरून नाहीं. आपली चित्रसृष्टी पुनरावृत्तीच्याच मांडीवर वाढली आहे. आणि ही हकीकत सांगावयास कर्जत-खालापूरच्या मुलखाइतकें सोयीचें ठिकाण क्वचितच सांपडेल.

बोरघाटाच्या पायथ्याशीं, मुंबई आणि पुणें यांच्या मधल्या वाटेवर हा मुलूख पसरला आहे. घाटांतील आगगाडीचा मार्ग १८६३ सालीं खुला झाला. १९१५ सालीं खोपोलीच्या वीजघरांतून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊं लागली. याच खालापूर तालुक्यांतील उंबरखिंडींत १६६१ च्या फेब्रुवारींत शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानाला कोंडीत पकडून शरण आणलें. आणि याच तालुक्यांतील चौक हें गांव सरनौबत नेताजी पालकरांचें जन्मस्थान मानलें जातें.

नेताजींचें नांव येथें मुद्दाम घेतलें. १९२७ सालीं कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें 'नेताजी पालकर' हा मूकपट काढला. केशवराव धायबर यांच्या साह्यानें त्याचें दिग्दर्शन करणारा तरुण होता शांताराम वणकुद्रे. पुढें ज्यांना सारा देश व्ही. शांताराम या नांवानें ओळखूं लागला, त्यांचें दिग्दर्शक म्हणून हें पहिलें चित्र. बारा वर्षांनीं, १९३९ सालीं, भालजी पेंढारकरांनीं याच नांवाचा बोलपट काढला. म्हणजे चौकचा हा वीर बारा वर्षांच्या आंत दोनदां पडद्यावर आला. दुसऱ्या वेळीं प्रेक्षकांनीं कथा शिळी झाली म्हणून तोंड फिरविलें काय? तसें घडतें, तर पुढें कोणी ऐतिहासिक चित्रांच्या वाटेला गेलेंच नसतें.

याहूनहि बोलकें उदाहरण सिंहगडाचें आहे. १६७० च्या फेब्रुवारींत तानाजी मालुसऱ्यांनीं गड घेतला आणि तेथेंच देह ठेवला. ही कथा आधीं तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांत आली, मग हरि नारायण आपट्यांच्या कादंबरींत आली, आणि तेथून १९२३ सालीं बाबुराव पेंटरांच्या 'सिंहगड' या मूकपटांत उतरली. त्या चित्रांत बाबुरावांनीं कृत्रिम दिव्यांच्या प्रकाशाचा उपयोग केला, आणि आपल्या देशांतील तशा पहिल्या प्रयोगांत त्याची गणना होते. वयाची बाविशीहि पुरती न ओलांडलेल्या शांतारामांनीं त्यांत म्हाताऱ्या शेलारमामाची भूमिका केली होती. दहा वर्षांनीं, १९३३ सालीं, प्रभात कंपनीनें 'सिंहगड' पुनः काढला, या खेपेस बोलपट म्हणून. आणि दिग्दर्शक होते तेच शेलारमामा! पहिल्या चित्राच्या आंत उभ्या राहिलेल्या माणसानेंच दुसरें चित्र रचलें. पुढें २०२० च्या जानेवारींत ओम राऊत यांचें 'तान्हाजी' हें हिंदी चित्र आलें. त्यांतील कडे, दऱ्या आणि तट यांचा मोठा भाग संगणकानें उभा केला होता.

या तीन तारखा शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानांत येते. १९२३ सालीं कृत्रिम दिवा आला, १९३३ सालीं ध्वनि आला होता, २०२० सालीं संगणक होता. यंत्र बदललें कीं जुनी कथा नव्या यंत्रावर चढते. हा केवळ व्यापार नव्हे. मूकपटांत तलवारींचा खणखणाट प्रेक्षकाला मनानेंच ऐकावा लागे. बोलपट आला तेव्हां तो कानांनीं ऐकावा, पोवाड्याची ललकारी उठावी, ही इच्छा अगदीं स्वाभाविक होती. शिवाय नवें साधन हातीं येतांच पारखण्यासाठीं माणूस ओळखीचीच वस्तु पुढें ओढतो. नवी कढई घरांत आली म्हणजे गृहिणी तींत पहिल्या दिवशीं नेहमींचाच पदार्थ करून पाहते. कढई कशी आहे हें त्यावरूनच कळतें.

अद्भुताच्या बाबतींतहि असेंच घडलें. दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि १९१७ सालीं तीच कथा 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नांवानें स्वतःच पुनः चित्रित केली. म्हणजे भारतीय कथाचित्रांचे जनक हेच पुनर्निर्मितीचेहि एक आद्य पुरुष ठरतात. १९३२ सालीं प्रभातनें आपल्या पहिल्या बोलपटासाठीं, 'अयोध्येचा राजा' साठीं, पुनः हरिश्चंद्राचीच कथा निवडली, आणि दुर्गाबाई खोट्यांची तारामती घरोघर पोंचली. १९१७ सालच्या 'लंकादहन' चित्रांत फाळक्यांनीं साळुंके या एकाच नटाकडून राम आणि सीता या दोन्ही भूमिका करविल्या. आणि राम पडद्यावर येतांच लोक हात जोडीत, अशी आठवण सांगितली जाते. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं, २०२३ सालीं, 'तान्हाजी' काढणाऱ्या ओम राऊत यांनींच 'आदिपुरुष' हें रामकथेवरील अफाट खर्चाचें चित्र काढलें. त्यांतील हनुमंताच्या तोंडची रस्त्यावरची भाषा लोकांना इतकी खटकली, कीं कांहीं संवाद थोड्याच दिवसांत बदलावे लागले. साळुंक्यांच्या सीतेचे पुरुषी दंड लोकांनीं मुकाट्यानें पोटांत घातले. हनुमंताचें एक हलकें वाक्य मात्र त्यांना सोसलें नाहीं. साधनांतील उणीव प्रेक्षक क्षमा करतो. भावनेंतील उणीव तो क्षमा करीत नाहीं.

तर मग पुनर्निर्मिती केव्हां सार्थ ठरते? आपल्या कीर्तनपरंपरेंत याचें उत्तर दडलें आहे. कीर्तनाला जाणाऱ्यास आख्यान पाठ असतें. हरिश्चंद्राचें पुढें काय होणार हें ऐकावयास तो जात नाहीं. बुवा त्या आख्यानांतून काय दाखवितात हें पाहावयास जातो. चित्रालाहि हीच कसोटी लावावी.

आतां पुनः आपल्या मुलखाकडे वळूं. चौकहून कर्जतला जाणाऱ्या रस्त्यावर हातनोली येथें कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनीं २००५ सालीं आपला स्टुडिओ उभा केला. लोक त्याला 'कर्जतचा स्टुडिओ' म्हणत आले, पण तो आहे खालापूर तालुक्यांत, नेताजींच्या गांवाच्या शेजारीं. जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या देसायांनीं कलादिग्दर्शनाचीं चार राष्ट्रीय पारितोषिकें मिळविलीं. त्यांतलें एक २००२ सालच्या 'देवदास' साठीं होतें. आणि 'देवदास' हा १९३५ आणि १९५५ सालच्या दोन प्रसिद्ध हिंदी बोलपटांचा वारसदार! २००८ सालच्या 'जोधा अकबर' साठीं याच माळावर आग्र्याचे आणि आमेरचे महाल उभे राहिले.

'जोधा अकबर' ही कोणत्याहि एका चित्राची नक्कल नव्हे. पण तिच्या मागें एक दीर्घ वंशावळ आहे. इम्तियाज अली ताज यांच्या 'अनारकली' नाटकाची कथा पडद्यावर वारंवार आली. सुलोचना या नांवानें गाजलेल्या रूबी मायर्स १९२८ च्या मूकपटांत अनारकली झाल्या, १९३५ च्या बोलपटांतहि अनारकलीच झाल्या, आणि १९५३ च्या 'अनारकली' चित्रांत त्यांनीं सलीमच्या आईची, जोधाबाईची, भूमिका केली. १९६० सालच्या 'मुघल-ए-आझम' मध्यें जोधाबाई होत्या आपल्या दुर्गाबाई खोटे. त्या चित्राला २००४ सालीं रंग चढवून पुनः चित्रगृहांत आणलें गेलें. या साऱ्या कथांतून जोधा ही पति आणि पुत्र यांच्या ओढाताणींत सांपडलेली माता होती. २००८ च्या चित्रांत ती प्रथमच कथेच्या मध्यभागीं आली. विवाहापूर्वीं सम्राटाला अटी घालणारी तरुणी झाली. जुन्या आख्यानांतून नवें निरूपण निघालें तें असें. इतिहासाच्या तराजूंत तें कितपत उतरतें हा प्रश्न वेगळा. पण केवळ मुलाम्याचा आरोप त्याच्यावर करतां येणार नाहीं.

या मुलखांत पुनर्निर्मितीचें आणखी एक रूप पाहावयास मिळतें. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ सालीं 'इमॅजिका' हें करमणुकीचें उद्यान सुरू झालें. तेथें १९८७ सालच्या 'मिस्टर इंडिया' या चित्रावर एक खेळ बसविण्यांत आला. पुढें भव्य पडदा, खालीं हलणारी आसनें, आणि प्रेक्षकच जणूं कथेंत शिरलेला! अदृश्य होणाऱ्या माणसाची ही कल्पना किती घाट ओलांडून येथवर आली पहा. वेल्सची कादंबरी १८९७ सालची. विलायती बोलपट १९३३ चा. आपल्याकडील अशोककुमारांचा 'मिस्टर एक्स' १९५७ चा. 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' १९६४ चा. मग 'मिस्टर इंडिया', आणि शेवटीं खालापुरांतील तें हलणारें आसन. कथेचा प्रवास पोथीकडून पडद्याकडे आणि पडद्याकडून जत्रेकडे झाला. येथें मात्र निरूपण संपतें आणि केवळ आठवण उरते. तिकीट त्या आठवणीचें असतें.

आणि आठवणीचा व्यापार दिसतो तितका सुरक्षित नाहीं. एका चित्रासाठीं उभारलेला महाल चित्र संपल्यावर पाडावा, तर मजुरी वायां जाते. राखावा, तर दर पावसाळ्यांत लांकूड फुगतें, गिलावा सुटतो, रंग उडतो. देसायांच्या स्टुडिओवर कर्जाचा डोंगर चढला, दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, आणि २ ऑगस्ट २०२३ रोजीं त्याच स्टुडिओंत त्यांच्या जीवनाचा दुःखद अंत झाला. पुढें २०२५ सालीं गोरेगांवची चित्रनगरी सांभाळणाऱ्या राज्य शासनाच्या महामंडळाकडे या स्टुडिओचा कारभार आला. इतरांच्या भूतकाळाला ज्यानें प्लॅस्टरमध्यें साकार केलें, त्याच्या स्वतःच्या कामाचें जतन हाच आतां एक प्रश्न होऊन बसला आहे.

पुनर्निर्मितीची खरी जोखीम येथेंच आहे. नवें चित्र वाईट निघालें तर फारसें बिघडत नाहीं. लोक तें विसरतात. परंतु नव्याच्या गडबडींत जुनें नाहींसें झालें तर तें परत येत नाहीं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' चीं जीं रिळें आज उपलब्ध आहेत, तीं १९१३ चीं कीं १९१७ चीं, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे. आपल्या पहिल्या चित्राची आणि त्याच्या दुसऱ्या आवृत्तीची सरमिसळ व्हावी, याहून मोठा इशारा कोणता? त्या काळची फीत नायट्रेटची असे; ती भडकन पेटते, आणि तिच्यांतील चांदीसाठीं ती गाळलीहि जाई. आपले बहुतेक मूकपट असेच गेले. बाबुरावांचा 'सिंहगड' आज पाहावयास मिळत नाहीं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं पुण्यास स्थापन झालें तोंवर पुष्कळ उशीर झाला होता. आणि २००३ च्या जानेवारींत पुण्यांतच लागलेल्या आगींत नायट्रेटच्या कित्येक जुन्या फिती जळून गेल्या.

म्हणून नव्या अवतारांना नाकें मुरडण्यापेक्षां दोन गोष्टींचा आग्रह धरणें मला अधिक अगत्याचें वाटतें. पहिली गोष्ट निर्मात्यासाठीं: आवडत्याच प्रसंगांभोंवतीं घिरट्या न घालतां त्यानें आख्यानाचा अवघड भागहि हातीं घ्यावा. नेताजी पालकर मोगलांच्या हातीं सांपडले, १६६७ सालीं त्यांचें धर्मांतर झालें, काबूलच्या दिशेस त्यांची रवानगी झाली, आणि १६७६ सालीं ते परत आले तेव्हां महाराजांनीं त्यांना पुनः स्वधर्मांत घेतलें. तुटलेल्या आणि पुनः जोडल्या गेलेल्या अशा माणसाचें मन दाखविण्यास केवळ घोडदौड पुरणार नाहीं. तेथें निरूपणच लागेल.

दुसरी गोष्ट घरांतील वडीलधाऱ्यांसाठीं. मुलांनीं नवा 'तान्हाजी' पाहिला असेल, तर प्रभातच्या 'सिंहगडा' ची गोष्टहि त्यांना सांगावी, आणि प्रभातचें एखादें जुनें चित्र त्यांच्याबरोबर बसून पाहावें. हालचाल संथ वाटेल, आवाज खरखरेल. पण संगणकाच्या साह्यावांचून माणसांनीं काय उभें केलें, हें त्यांना कळेल. नातवाच्या चेहऱ्यांत आजोबांची ठेवण ओळखावयाची, तर आजोबांचें एखादें तरी छायाचित्र घरांत शिल्लक असावें लागतें.