कातकामातील पोखरण्याचे हत्यार आणि तेरचे अवशेष

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी असलेले तेर हेच प्राचीन तगर होय, हे फ्लीटने 1901 साली प्रतिपादिले. तेथील पांढरीच्या टेकाडांतून निघालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. पाँपेई येथे 1938 साली मिळालेल्या मूर्तीशी तिचे शैलीसाम्य अभ्यासकांना परिचित आहे. पाँपेईच्या मूर्तीत डोक्यापासून खाली कोरलेले उभे छिद्र आहे. असे छिद्र किंवा वर्तुळाकार घडण दिसली की ती वस्तू कातावर पोखरली होती, असे म्हणण्याचा मोह होतो. हा मोह आवरला पाहिजे.

भोक पाडणे, बाहेरून कातणे आणि आतून पोखरणे ही तीन भिन्न कर्मे आहेत. भोक सामत्याने पडते. त्यासाठी कात लागतच नाही. लाटणे, भोवरा, पलंगाचा खूर यांना बाहेरून लावलेली सरळ धार पुरते. कुंकवाचा करंडा मात्र पोखरावाच लागतो.

भाषेची साक्षही प्रायः बाह्य कातकामाचीच आहे. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात अवंतिनाथाला त्वष्ट्याने चक्रावर चढवून उजळलेल्या सूर्याची उपमा दिली आहे. पुराणकथेत तर सूर्याच्या तासलेल्या तेजापासून देवांची आयुधे झाली. तासले जाते ते सूर्याचे बाह्यांग. संस्कृतात ‘कृत्’ हा धातू कापणे आणि सूत कातणे या दोन्ही अर्थी येतो. कातारी तर फिरत्या वस्तूवरच धार चालवितो. त्याच्या कामात या दोन अर्थांची अशी गाठ पडावी, हे मोठे गमतीचे आहे. फारसीतून आलेला ‘खराद’ शब्दही यंत्राचे नाव सांगतो, आतल्या हत्याराचे नाही.

हत्याराचे स्वरूप मग कामावरूनच शोधावे लागते. दोरीने फिरणारा पारंपरिक कात आळीपाळीने उलटसुलट फिरतो. धार एकाच फेऱ्यात लागते आणि उलट फेऱ्यात हत्यार किंचित मागे घ्यावे लागते. हत्याराला बाहेर टेकू असतो. ते भांड्यात जितके खोल जाईल तितका त्याचा निराधार भाग वाढतो, टोक थरथरते आणि भिंतीवर लाटा उमटतात. म्हणून दांडा जाड आणि मूठ लांब हवी. टोक आकड्यासारखे वळविले तर आणखी एक अडचण उभी राहते : धारेवरील दाब दांड्याच्या रेषेबाहेर पडतो व हत्यार हातातच पिळवटते. शिवाय लाकडाचे तंतू अक्षाला समांतर असले, तर भांड्याच्या तळाशी ते आडवे कापावे लागतात. तेथे मध्यापासून कडेकडे धार नेल्यास काप स्वच्छ येतो.

इतक्या अडचणी असताना पहिले हत्यार आकड्याचे असेल, हे संभवत नाही. रुंद तोंडाचा करंडा, ज्याचे झाकण वेगळे कातून बसविले जाते, तो कडेला धार लावलेल्या सरळ जाड पटाशीने पोखरता येतो. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाखकामाच्या डब्या पाहिल्या की झाकण वेगळे करण्याची सोय किती मोठी आहे, ते ध्यानात येते. पोट तोंडापेक्षा रुंद करावयाचे ठरले, म्हणजेच आकड्याची गरज पडली आणि कातारी लोहाराकडे गेला. हत्यार आधी आणि भांडे मागाहून, असा क्रम येथे लावता येत नाही.

तगराविषयी पेरिप्लसचा कर्ता सांगतो ते कापडाबद्दल. हस्तिदंताचा उल्लेख तो भडोचच्या निर्यातीत करतो. त्यामुळे तगरात काय कातले जाई, हे वस्तूंनीच सांगावयाचे आहे. लाकूड क्वचितच टिकते. उत्तरेश्वर मंदिराची लाकडी द्वारशाखा टिकली आहे, पण ते कोरीव काम आहे, कातीव नव्हे. हाडाच्या व हस्तिदंताच्या पोकळ वस्तूंचे मात्र अंतरंग तपासता येते. आतल्या भिंतीवर समकेंद्री रेघा आहेत काय आणि आतील व्यास तोंडाच्या व्यासाहून अधिक आहे काय, या दोन गोष्टी मोजल्या पाहिजेत. पहिली असून दुसरी नसल्यास सरळ धारेच्या पलीकडे जाण्याचे कारण नाही.