समान पातळीच्या रेघा

श्रोतेहो, घोटावड्याच्या बाजूला भातखाचरे तुम्ही पाहिलीच असतील. खाचराचा बांध उताराला आडवा, एकाच उंचीने वळत जातो. बांधावरून चालावे तर ना चढ ना उतार. पाणी मात्र बांध ओलांडते ते थेट खालच्या खाचरात.

विजेचेही असेच आहे बरं का! 1845 साली प्रशियातल्या कोनिग्सबर्गला किरखोफ नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने तांब्याच्या गोल पत्र्यातून वीज सोडली. मग दोन तारांची टोके पत्र्यावर ठिकठिकाणी टेकवून पाहिली. तारांच्या मध्ये गॅल्व्हानोमीटर. सुई हलली, की त्या दोन जागांच्या विद्युतदाबात फरक आहे. सुई स्वस्थ राहिली, की दोन्ही जागा एकाच पातळीच्या. अशा जागा जोडल्या की होते समविभव रेषा. वीज या रेषांना काटकोनातच छेदून जाते.

गुरुजींनी हे वर्गात जरूर करून दाखवावे. काचेच्या पसरट भांड्यात पाणी, चिमूटभर मीठ, भांड्याखाली चौकटीचा कागद. समोरासमोर तांब्याच्या दोन पट्ट्या आणि टॉर्चचे दोन सेल. व्होल्टमीटरची एक तार ऋण पट्टीला लावा, दुसरी पाण्यात फिरवा. काटा 1 व्होल्ट दाखवील त्या त्या जागेच्या खुणा दुसऱ्या कागदावर मांडून जोडा. घरच्या विजेला मात्र हात लावू नका, सेलच पुरेत.

मुळशीकरांना समान पातळीची रेघ भेटली ती निराळ्याच रूपाने. टाटा कंपनीने धरण योजले, तेव्हा पाणी कुठवर चढणार ती रेघ आधी कागदावर उमटली. रेघेच्या आतले घर, शेत, देऊळ बुडणार, बाहेरचे राहणार. घोटावडे धरणाच्या खालच्या अंगाला, म्हणून वाचले. वरच्या मावळातल्या शेतकऱ्यांनी 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात, आणि तुरुंगातही गेले. 1924 पर्यंत झुंज चालली. धरण झालेच. 1927 पासून मुळशीचे पाणी सह्याद्री उतरून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला पडू लागले आणि वीज गेली मुंबईला. ज्यांची जमीन बुडाली, त्यांच्या घरी दिवा लागायला पुढे किती वर्षे गेली, हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा.

उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे मुळशीच्या काठाशी जाऊन पाहा. मातीवर एकाखाली एक पट्टे उमटलेले असतात, प्रत्येक पट्टा एकाच उंचीचा. पोरांना वहीत तेच काढायला सांगा, आणि खाली कोणती गावे होती तेही लिहायला सांगा.