निकोडेमस : माळावरील एक खेडें

सन १८७३ मध्यें जोतीराव फुले यांनीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील गुलामांस दास्यांतून मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केला. परंतु मुक्त झालेल्या त्या लोकांस पुढें पाय टेकावयास भूमि मिळाली कीं नाहीं, ही चौकशी आपल्याकडे क्वचितच होते. कॅन्सासच्या गवताळ माळावरील निकोडेमस या खेड्याची हकीकत त्या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे.

हें खेडें १८७७ सालीं वसलें. केंटकींत दास्यमुक्तांस परक्याच्या शेतावर राबण्यावांचून गति नव्हती; इकडे १८६२ च्या कायद्यान्वयें सरकारी जमीन पांच वर्षें राहून कसणारास १६० एकर स्वतःची होत असे. त्या आशेनें सप्टेंबरांत सुमारें तीनशें माणसें येथें आलीं. जाहिरातींत नगर होतें. प्रत्यक्षांत उघडा माळ. लांकूड नाहीं, म्हणून लोकांनीं जमीन पोखरून तींतच संसार मांडले. पुढील वसंतांत आलेल्या विलियाना हिकमन या बाईस गांव आलें म्हणून सांगितलें, तेव्हां तिला दिसला तो केवळ भुईंतून निघणारा धूर. ती रडूं लागली.

कांहीं कुटुंबें परत गेलीं. राहिलेल्यांपैकीं कित्येकांनीं, नांगरास जनावरें नसल्यामुळें, कुदळीनेंच माळ फोडला. पहिल्या हिवाळ्यांत ओसेज जमातीच्या शिकाऱ्यांनीं आपल्या शिकारींतील वांटा दिला, अशी आठवण तेथें सांगतात. आपली भूमि गमावलेल्यांनीं नवागतांस अन्न द्यावें, हा प्रसंग मला विशेष वाटतो.

दहा वर्षांत तेथें शाळा, प्रार्थनामंदिरें, पेढी व दोन वृत्तपत्रें झालीं. तेथें राहिलेला एडवर्ड मॅकेब १८८२ सालीं कॅन्सास राज्याचा हिशेबतपासनीस निवडून आला. मग आगगाडीचा प्रश्न निघाला. रूळ आपल्या गांवावरून जावे म्हणून लोकांनीं १६,००० डॉलरांचे कर्जरोखे मंजूर केले. परंतु १८८८ मध्यें रूळ पडले ते नदीपलीकडे. दुकानदारांनीं बाडबिस्तरा उचलून पलीकडचें बोग गांव गांठलें. शेतकऱ्यास जमीन उचलून नेतां येत नाहीं! तो राहिला. १९३० नंतरच्या मंदीनें व धुळीच्या वादळांनीं मात्र पुष्कळ शेतकऱ्यांसही हलविलें, आणि १९५३ त टपालकचेरी बंद झाली. १९९६ मध्यें सरकारनें गांवास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरविलें. २०२० च्या शिरगणतींत तेथें अवघे १४ लोक भरले.

हा आंकडा खोटा नव्हे. पण शिरगणती जुलैअखेरीस होत नाहीं. दरवर्षीं त्या सुमारास मुक्तिदिनाच्या जुन्या उत्सवासाठीं शेंकडों वंशज दूरदूरच्या शहरांतून येतात, मिरवणूक काढतात, एकत्र जेवतात, आणि रविवारची प्रार्थना झाली कीं गांव पुन्हां मोकळें होतें.