करवंद : वलवण-मावळातील अर्थकारण

करवंद (शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरँडस, कुल ॲपोसायनेसी) हे सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारे काटेरी, सदाहरित झुडूप. लोणावळ्यालगतचे वलवण आणि मावळचा डोंगरपट्टा येथे ते बहुतांशी रानातच येते. खत, पाणी, मशागत यांवर खर्च नसल्याने ते फुकटचे पीक समजले जाते. पण सगळा खर्च काढणीत असतो. देठ तुटताच पांढरा चीक बोटांना चिकटतो, काटे हात ओरबाडतात आणि फळ एकेक करून खुडावे लागते. एप्रिल-मेमध्ये पिकलेले काळे फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडते. पाटीच्या तळाचे त्याआधीच चेपून रस सोडते. त्यामुळे दिवस कलला की भाव गिऱ्हाईक ठरवते. करवंद विकणाऱ्याला खरी टंचाई वेळेची असते.

हा वेळ कच्च्या फळातून मिळू शकतो. हिरवे करवंद आंबट व पेक्टिनयुक्त असल्याने त्याचे लोणचे टिकते आणि जेली सहज जमते. काही जाळ्यांवरची फळे कच्ची काढून गावातच प्रक्रिया केली, तर हंगामातली मजुरी वर्षभराच्या विक्रीत उतरते. २०२० पासूनच्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अशा उद्योगाला भांडवली खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जसंलग्न अनुदान मिळू शकते.

यावर पहिला आक्षेप असा की, त्यापेक्षा लागवडच वाढवावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ हे मोठ्या फळाचे वाण दिले आहे आणि कोरडवाहू जमिनीला ते उपयोगी आहे. पण लागवडीने काढणीचे कष्ट संपत नाहीत. शिवाय लोणावळ्याभोवती जमिनीला बंगल्यांचा भाव आहे आणि करवंदे वेचणाऱ्या कातकरी, ठाकर कुटुंबांपैकी अनेकांकडे जमीन नाही. बागेचा नफा त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पर्यटकाला द्रोण भरून विकले की दलालाविना रोख पैसे हाती येतात. ही विक्री टिकलीच पाहिजे. मात्र २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून बरीच वाहने जुन्या रस्त्यावर न थांबता पुढे जातात, आणि पहिल्या जोरदार पावसाबरोबर हंगाम आटोपतो. एवढ्या अरुंद फटीवर वर्षाची मिळकत उभी राहत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क मान्य केला आहे. त्या हक्काला बरणी, चूल आणि खेळते भांडवल यांची जोड मिळाली, तरच तो पोटाला आधार देईल.