ताप एकाला, थर्मामीटर दुसऱ्याच्या काखेत

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या हॅचबॅकला टर्बो बसवला. महिनाभर गाडी अशी पळाली की माझे पाय जमिनीवर नव्हते. मग मे महिन्यात घाट चढताना बोनेटखालून डबीत खडे घालून हलवल्यासारखा आवाज आला आणि इंजिन तीन सिलिंडरांवर रखडायला लागलं.

गॅरेजमधल्या मामांनी हेड उतरवलं, पिस्टन काढला. रिंगांच्या मधली कड तुटली होती.

"हवेचा टेंपरेचर सेन्सर कुठंय रे?"

"फिल्टरच्या डब्यात. मुळात होता तिथेच ठेवलाय, मामा."

"म्हणजे ताप एकाला आणि थर्मामीटर दुसऱ्याच्या काखेत!"

हवा दाबली की तापते. सायकलला पंप मारताना हाताला लागतंच ते. ३० अंशांची हवा दुप्पट दाबावर नेली, तर अगदी आदर्श यंत्रातही ती ९५ अंशांच्या पुढे जाते. खरा टर्बो आदर्श नसतो, म्हणून सव्वाशेच्या आसपास धरा. इंटरकूलर यातली बरीच उष्णता काढतो, पण किती काढतो हे त्या दिवशीच्या चढावर आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यावर ठरतं. माझा सेन्सर या सगळ्याच्या आधी, सावलीत बसून 'हवा छान आहे' असं कळवत होता. ईसीयूने विश्वास ठेवला आणि गार हवेला शोभेल इतक्या लवकर ठिणगी पाडली. उरलेलं मिश्रण आपणहून भडकलं. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि ते मला एका पिस्टनला पडलं.

रागारागात वाचायला बसलो, तेव्हा कळलं की ही चूक समजून घ्यायला विमानांपासून सुरुवात करावी लागते. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, १४ हजार फुटांच्या वर नेलं. साधारण ३५० अश्वशक्तीचं इंजिन तिथे २३० वर आलं होतं. टर्बो लावल्यावर ३५६. तेव्हा प्रश्न विरळ हवेचा होता. दाब वाढत गेला तसा प्रश्न गरम हवेचा झाला.

दुसऱ्या महायुद्धातलं पी-३८ लाइटनिंग हे माझं लाडकं उदाहरण. त्यात हवा टर्बोतून इंटरकूलरमध्ये, तिथून कार्ब्युरेटरमध्ये आणि मग इंजिनाच्या स्वतःच्या सुपरचार्जरमधून सिलिंडरमध्ये जायची. सुरुवातीच्या विमानांत इंटरकूलर म्हणजे पंखाची पुढची कडच होती. कल्पना देखणी, पण वाढत्या ताकदीला अपुरी. १९४३ च्या जे मॉडेलमध्ये कूलर इंजिनाच्या हनुवटीखाली आला, आणि पंखात रिकाम्या झालेल्या जागेत पुढे पेट्रोलच्या टाक्या बसल्या. पायलटसमोर काटा होता तो कार्ब्युरेटरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेच्या तापमानाचा. बाहेरच्या हवेचा नव्हे, कूलरनंतरच्या हवेचा! म्हणजे माझ्या आजोबांच्या पिढीला हे ठाऊक होतं.

मोटारींना मात्र ते पुन्हा शिकावं लागलं. १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर घ्या: साडेतीन लिटरचा व्ही-८, २१५ अश्वशक्ती, टर्बो आहे पण इंटरकूलर नाही. त्याऐवजी पाणी आणि मिथेनॉल यांचं द्रावण आत फवारायचं. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप मर्यादित व्हायचा, मालक टाकी भरायला विसरायचे आणि गाडीत दम नाही म्हणून कुरकुरायचे. १९६३ नंतर जेटफायर बंद झाली. मला त्या मालकांची दया येते. पण मी त्यांच्याहून शहाणा निघालो नाही.

मग आलं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, आणि माझ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. बॉशची १९६७ ची डी-जेट्रॉनिक इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज बांधायची. पुढे सत्तरच्या दशकात आलेली एल-जेट्रॉनिक एका झडपेने हवेचं आकारमान मोजायची, म्हणून तिचा तापमापक त्या मीटरच्याच तोंडाशी. दोन्हीकडे जागा बरोबर होती, कारण जिथली हवा मोजायची तिथलंच तापमान हवं. माझा ईसीयू दाब मोजत होता टर्बोनंतरचा आणि तापमान घेत होता टर्बोआधीचं. दोन वेगळ्या हवांचा हिशेब एकाच वहीत.

तर सेन्सर इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या थोडा अलीकडे, गार बाजूच्या पाइपात. पुढे थेट ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये बसवला तर हिशेबाने आणखी अचूक, पण सिग्नलला उभं राहिलं की तो हवेचं नाही, तापलेल्या धातूचं तापमान सांगायला लागतो. टोक प्रवाहाच्या मध्याकडे हवं, भिंतीला टेकलेलं नको. आणि थर्मिस्टरचा मणी उघडा असलेला घ्या. पितळी टोपीतला सेन्सर गरम होईपर्यंत तुमचं ओव्हरटेकिंग उरकलेलं असतं.

मामांनी पाइप काढून वेल्डरकडून बोळं लावून घेतलं, सेन्सर कसला आणि टायमिंगचा तक्ता नव्याने भरायला लावला. जुना सेन्सर फक्त बघायला म्हणून डब्यात तसाच ठेवलाय. परवा त्याच घाटात, त्याच वळणावर पाहिलं: डब्यात ३९, पाइपात ६७. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला.