रहस्यपटाची पहिली दोन मिनिटे

मुंबईच्या उपनगरांनी बोलपटाला जे दिले, त्यात मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा वाटा फार मोठा आहे. हिमांशू राय व देविका राणी यांनी १९३४ साली उभारलेल्या या संस्थेचा पहिला चित्रपट 'जवानी की हवा' १९३५ साली पडद्यावर आला. तो पौराणिक नव्हता, संतपटही नव्हता; ती होती चक्क खुनाची कथा. लग्नाच्या दिवशी घर सोडून प्रियकरासह रेल्वेने निघालेली नायिका आणि धावत्या गाडीत पडलेला खून, एवढ्या सामग्रीवर दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांनी प्रेक्षकांना खिळवून ठेवले. रहस्यासाठी रेल्वेच्या डब्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. माणसे मोजकी, दारे बंद, आणि पुढचे स्टेशन येईपर्यंत कोणालाही उतरता येत नाही.

या चित्रपटाच्या वेळी वाद माजला तो मात्र कथेवरून नव्हे. त्याचे संगीत एका पारशी भगिनीने दिले होते आणि तिची बहीण पडद्यावर दिसत होती. पारशी समाजातील काही मंडळींना हे मुळीच रुचले नाही. विरोध झाला, निदर्शने झाली. हिमांशू राय मागे हटले नाहीत. त्यांनी खोरशेदबाईंचे नाव सरस्वतीदेवी आणि माणेकबाईंचे चंद्रप्रभा असे ठेवले, व त्याच नावांनी त्या दोघी चित्रपटसृष्टीत ओळखल्या गेल्या. आपली माणसे पडद्यावर दिसावीत की नाही, आणि दिसली तर कशी दिसावीत, हा प्रश्न मुंबईतल्या लहान समाजांना असा जुनाच आहे.

तो आज आमच्यापुढे आला आहे तो एका अभ्यासप्रकल्पाच्या निमित्ताने. कुर्ल्याच्या आमच्या धर्मग्रामातील काही महाविद्यालयीन मुलामुलींना प्रसारमाध्यमांच्या अभ्यासक्रमात एका रहस्यपटाचा केवळ आरंभ तयार करावयाचा आहे. संपूर्ण चित्रपट नव्हे. श्रेयनामावलीसह अवघी दोन मिनिटे. त्यांनी आणलेला पहिला आराखडा असा होता : मध्यरात्र, चर्चची दफनभूमी, जमिनीलगत धुके, एका थडग्यावरील क्रुसाची लांबलेली सावली, पांढऱ्या वस्त्रातील स्त्री, आणि दूर कोठेतरी घंटेचे टोले. पॅरिश कौन्सिलच्या ज्येष्ठ सभासदांनी यास ताबडतोब हरकत घेतली. आम्ही परवानगी वा नकार देण्यापूर्वी मुलांना एकच विचारले : हे चित्र तुमचे आहे, की तुम्हांला कोणीतरी दिलेले आहे? या प्रश्नाचे उत्तर चित्रपटाच्या इतिहासात सापडते, म्हणून हा लेखनप्रपंच.

हे चित्र प्रथम रेखाटले गेले तेही मालाडलाच. १९४९ साली त्याच बॉम्बे टॉकीजने कमाल अमरोही यांच्याकडून 'महल' दिग्दर्शित करून घेतला. अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. छायालेखक होते जोसेफ विर्शिंग, संस्थेच्या प्रारंभापासूनचे जर्मन तंत्रज्ञ, जे महायुद्धाच्या काळात जर्मन नागरिक म्हणून स्थानबद्ध होते. वादळी रात्र, नदीकाठचा ओसाड वाडा, वाड्याची पूर्वकथा सांगणारा जुना माळी, आणि भिंतीवर एक तसबीर. नवा मालक पाहतो तो तसबिरीतला, कधीच मरून गेलेला पुरुष हुबेहूब त्याच्यासारखा! येथवर येताना प्रेक्षकाला भीती वाटते ती अंधाराची नव्हे, त्या साम्याची. वाड्यातले भूत म्हणजे माळ्याची जिवंत मुलगी, हे कथेच्या शेवटी कळते. पण लेखकाला ते पहिल्या दृश्यापासून ठाऊक होते, आणि माळीही पहिल्या दृश्यापासून आपल्यासमोर उभा होता.

'महल'च्या गाण्याविषयीची एक हकीकत आम्ही मुलांना मुद्दाम सांगितली. 'आयेगा आनेवाला' या गीताच्या आरंभीच्या ओळी दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा, म्हणून लता मंगेशकर मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. आवाज जवळ येतो पण माणूस दिसत नाही, एवढ्यानेच ते गूढ उभे राहिले. यासाठी यंत्र लागले नाही. कोणी कोठे उभे राहावे याचा आधी केलेला विचार लागला.

यानंतर पंधरा वर्षांनी, १९६४ मध्ये, राज खोसलांचा 'वह कौन थी?' आला आणि मुलांच्या आराखड्यातली पांढरी साडी कायमची ठरून गेली. धो धो पाऊस, रस्त्यात उभी असलेली एक स्त्री, तिला गाडीत घेणारा डॉक्टर. काचेवरचा वायपर बंद पडतो, रस्ता दिसेनासा होतो, पण तिला तो दिसतो. ती उतरते दफनभूमीच्या फाटकाशी, आणि फाटक आपोआप उघडते. आमच्या मते हिंदी पडद्यावरील हा सर्वांत परिणामकारक आरंभांपैकी एक आहे. सर्वांत प्रामाणिक मात्र नव्हे. उलगडा झाल्यानंतर मागे वळून पाहिले तर त्या फाटकाचे आणि पावसाआड पाहणाऱ्या त्या नजरेचे समाधानकारक उत्तर आमच्या मनाला अद्याप मिळालेले नाही. पुढे या आरंभाची जी असंख्य अनुकरणे निघाली, त्यांत तर उत्तर शोधण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत. दफनभूमी आणि क्रूस हे भीतीचे तयार सामान होऊन बसले. जोडीला हॉटेलात नाचणारी मिस अमुक आणि दारूच्या गुत्त्यावरचा रॉबर्ट होतेच.

आता आपल्या घरांतला अनुभव पाहा. आपल्या मुलांना दफनभूमीची भीती कोणी शिकविली? नोव्हेंबरच्या दोन तारखेस आपण तेथे फुले आणि मेणबत्त्या घेऊन जातो. आजोबांच्या थडग्यावरचे गवत नातू उपटतो, म्हाताऱ्या बाया तेथेच टेकून गप्पा मारतात. ज्या जागी आपल्याला भय वाटत नाही, ती जागा आपलीच मुले भयाची म्हणून दाखविणार, कारण दुसऱ्यांनी ती तशी दाखविली! ज्येष्ठांची हरकत पावित्र्याच्या मुद्द्यावर होती आणि ती रास्तच आहे. आमची हरकत त्याहून साधी होती. हे खोटे आहे.

अंधारावाचून रहस्य उभे राहते हे मराठी प्रेक्षकाला कोणी नव्याने सांगायला नको. १९६४ सालीच राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून घेतलेल्या या कथेत पत्नीचा मृत्यू झालेला असताना हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री 'ती मीच' म्हणून उभी राहते. राज खोसलांना ही कल्पना एवढी भावली की, दोनच वर्षांत त्यांनी हिंदीत 'मेरा साया' काढला. बी. आर. चोप्रांचा 'कानून' (१९६०) हा त्याहूनही धीट. त्यात एकही गाणे नाही, आणि आरंभ होतो भर न्यायालयात. आरोपी विचारतो की, ज्याच्या खुनाबद्दल आज खटला चालला आहे, त्याच माणसाच्या खुनाची शिक्षा मी पूर्वीच भोगून आलो आहे. माझी ती वर्षे मला कोण परत देणार? दिवसाढवळ्या विचारलेला हा एक प्रश्न दहा वादळी रात्रींना भारी आहे.

आता थोडे परदेशी वळू, कारण रहस्यकथेच्या घडणीत कॅथलिक मंडळींचा हात आपल्या वाचकांना वाटतो त्याहून मोठा आहे. आल्फ्रेड हिचकॉक लंडनच्या येशूसंघीय शाळेत शिकले. त्यांचा १९५३ चा 'आय कन्फेस' कॅनडातील क्वेबेक शहरात घडतो. आरंभीची चित्रे जवळजवळ निःशब्द आहेत. रात्रीचे ओस रस्ते, आणि त्यांवर एकेरी वाहतुकीचे बाण. बाण प्रेक्षकाची नजर पुढे पुढे नेतात, एका उघड्या खिडकीपर्यंत. आत जमिनीवर मृतदेह. मण्यांचा पडदा अजून हलतो आहे, म्हणजे कोणीतरी आत्ताच बाहेर पडले. मग रस्त्याने जाताना दिसतो धर्मगुरूचा झगा घातलेला पुरुष, दोन शाळकरी मुली त्याला पाहतात, आणि पुढे जाऊन तो झगा उतरवितो. तो धर्मगुरू नाहीच, चर्चमध्ये काम करणारा सेवक आहे. थोड्याच वेळात तो फादर लोगन यांच्यापुढे गुडघे टेकून खुनाचे पापनिवेदन करतो.

खुनी कोण हे असे आरंभीच सांगून टाकलेले! मग उरले काय? उरला तो धर्मगुरू, ज्याच्यावर पुढे संशय येणार आहे आणि जो एक अक्षर बोलू शकत नाही. पापनिवेदनाची गुप्तता अभंग आहे, हे आपल्या वाचकांना सांगावे लागत नाही. पण पुढे फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हिचकॉक यांनीच खंत व्यक्त केली की, फादर गप्प का बसतात हे कॅथलिकेतर प्रेक्षकांच्या पचनी पडले नाही. त्याच मुलाखतीत त्यांनी टेबलाखालच्या बॉम्बचा दृष्टान्त दिला आहे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. तो ठेवलेला आहे हे प्रेक्षकाला आधी कळले आणि टेबलावरच्या माणसांना कळले नाही, तर तोच प्रेक्षक पंधरा मिनिटे तळमळतो.

जी. के. चेस्टरटन यांचे फादर ब्राऊन १९१० साली अवतरले. त्यांच्यामागे फादर जॉन ओकॉनर नावाचे खरेखुरे धर्मगुरू होते. पहिल्याच कथेत हे बुटके फादर एका चोराबरोबर लंडनभर हिंडतात आणि पोलिसांनी माग काढावा म्हणून वाटेत बारीकसारीक चमत्कारिक खुणा सोडीत जातात. साखरेच्या भांड्यात मीठ, भिंतीवर फेकलेले सूप, फळांच्या दुकानातील पाट्यांची अदलाबदल. रक्ताचा थेंब नाही. रोजच्या जगातली एक लहानशी वस्तू जागच्या जागी नाही, एवढेच. रोनाल्ड नॉक्स, ज्यांनी पुढे संपूर्ण बायबलचे इंग्रजी भाषांतर केले, तेही धर्मगुरू आणि रहस्यकथाकार. १९२९ साली त्यांनी गमतीने रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहिल्या. त्यांत भुताखेतांना मज्जाव आहे, आणि गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपविण्यासही. ज्या फाटकाविषयी आम्ही वर तक्रार केली, ते नॉक्स यांच्या आज्ञेत बसत नाही.

हे सारे ऐकल्यावर मुलांनी दफनभूमी सोडली, आणि मग खरी अडचण सुरू झाली : कुर्ल्यात आहे काय? धुके तर नाहीच. पण येथली रेल्वे १८५३ सालची, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेवरची गाडी बोरीबंदरहून निघाली ती कुर्ल्यालाच आली. १८८६ साली जमशेटजी टाटांनी विकत घेतलेली, पुढे स्वदेशी म्हणून ओळखली गेलेली गिरणी येथली. रहस्यपटांच्या रात्रींतून धावलेली काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी येथल्याच कारखान्यात तयार होई. तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. पोर्तुगीज अमदानीतले, १८४८ साली पुन्हा बांधलेले होली क्रॉस चर्च येथले. आणि २६ जुलै २००५ ची मिठी नदी तर येथल्या कोणत्याही घरास विसरता येत नाही.

यातून मुलांनी जे निवडले ते आम्हांला मनापासून आवडले : न वाजलेली घंटा. पहाटेची वेळ. पाववाला सायकल थांबवून मनगटावरचे घड्याळ पाहतो. रोझरी म्हणणारी आजी मधेच थांबून कान देते. लोकल पकडायला निघालेला कारकून क्षणभर मनोऱ्याकडे बघतो. शेवटी मनोऱ्यातला दोर, स्तब्ध लोंबणारा, आणि त्यावर चित्रपटाचे नाव. शेरलॉक होम्सच्या एका कथेत रात्री न भुंकलेल्या कुत्र्यावरून चोर सापडतो; त्या होम्सचे जनक कॉनन डॉइल हेही येशूसंघीयांच्या शाळेतलेच.

कॅमेरा मोबाइल फोनचाच. अंधारात त्याचे चित्र दाणेदार व मळकट येते. उजाडतानाच्या अर्ध्या तासात मात्र चांगले येते, म्हणून सारे काम तीन सकाळींत वाटले आहे. दोन मिनिटांचे एकशेवीस सेकंद. त्यांत अठरा शॉट. प्रत्येक शॉटचे चित्र वहीत काढून, त्याखाली सेकंद लिहून, आम्ही ते घड्याळ लावून मोठ्याने वाचले, तेव्हा पहिला हिशेब साडेतीन मिनिटांवर गेला. आजीचे दोन शॉट गळाले, रेल्वेस्थानक तर साफच गळाले, कारण रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरण करावयाचे तर मध्य रेल्वेची पूर्वपरवानगी हवी. गाडी आता केवळ ऐकू येईल. तो आवाज निराळा टिपावयाचा, आणि नेमक्या ज्या क्षणी घंटा वाजावयास हवी त्या क्षणी थांबवावयाचा.

घंटा का वाजली नाही, हे मात्र ठरविल्यावाचून कॅमेरा सुरू करावयाचा नाही, अशी आमची अट होती. घंटा वाजविणारा मरण पावला, हे पहिले उत्तर. ते सोपे म्हणून बाद झाले. दोर चोरीस गेला, हे दुसरे. पण मग अखेरच्या चित्रात दोर कसा? एका मुलीने सुचविले की, घंटा वाजविणाऱ्याने आदल्या रात्री मनोऱ्यातून काहीतरी पाहिले आहे, आणि आपण वर होतो हे कोणास कळू नये म्हणून तो आज वर चढलेलाच नाही. दोन मिनिटांत यातले काही दिसणार नाही. तरी पाववाल्याची नजर कोठे लागावी, दोराला गाठ असावी की नसावी, हे या उत्तरावरून ठरले.

आता प्रश्न उरला आहे व्यवहाराचा. त्या तीन सकाळी घंटा खरोखरच बंद ठेवावी लागेल, आणि ती न वाजल्यास कोणी काळजी करू नये, अशी सूचना आदल्या रविवारी मिस्सानंतर द्यावी, असे पॅरिश कौन्सिलचे म्हणणे आहे. सूचना दिली तर रस्त्यावरची माणसे खरोखर थबकतील कशी, असे मुले विचारतात. येत्या बैठकीत हा विषय पुन्हा निघेल.