शेवटच्या पानांचा इतिहास

दिवाळी अंक हातात आला की आपण आधी अनुक्रमणिका बघतो. अभ्यासाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक असेल तर मात्र जाणता वाचक शेवटची पानं उघडतो. तिथे सूची असते: कोणता विषय कोणत्या पानावर. आमच्या मंडळाच्या जुन्या अंकांची अशी सूची करायचं मी अंगावर घेतलंय, म्हणून ही विद्या शिकायला लागलो. तिचा इतिहास मोठा मजेदार आहे.

साधारण १२३० ते १२४० या काळात पॅरिसमध्ये ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या देखरेखीखाली डोमिनिकन साधूंनी बायबलमधल्या शब्दांची सूची केली. तेव्हा ग्रंथ हस्तलिखित, प्रत्येक प्रतीची पानं वेगळी. मग पत्ता द्यायचा कसा? त्यांनी प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पून त्यांना अक्षरं दिली! छपाई आल्यावर एका आवृत्तीच्या सगळ्या प्रती सारख्या झाल्या आणि १४७० साली कोलोनमधल्या एका पुस्तिकेत पानांवर छापील आकडे आले. १५४८ मध्ये स्वित्झर्लंडच्या कॉनराड गेस्नर यांनी कृतीच सांगून ठेवली: कागदाच्या एकाच बाजूला नोंदी लिहा, चिठ्ठ्या कापा, अक्षरक्रमाने लावा. त्याच चिठ्ठ्यांची पुढे खोक्यातली कार्डं झाली. १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये सूचीकारांची सोसायटी निघाली आणि १९८० च्या दशकात मॅक्रेक्स, सिंडेक्स ही सॉफ्टवेअर्स आली.

आपल्याकडे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकून गेलेल्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांपैकी एक अख्खा खंड सूचीला दिला. तरीही आज कितीतरी चांगली मराठी पुस्तकं सूचीविना निघतात.

कोणी म्हणेल, कॉम्प्युटरवर सर्च आहे की! पण 'पाणी' शोधलंत तर साध्या सर्चला 'पाण्याला' सापडत नाही. 'क्ष' आणि 'ज्ञ' आपण अंकलिपीत शेवटी शिकलो, मशीन त्यांना 'क' आणि 'ज' मध्ये बसवतं. हे प्रोग्रामने सुधारता येईल. पण एका काकूंनी लिहिलंय, की पहिल्या हिवाळ्यात त्या रोज रिकामी पत्रपेटी उघडून बघायच्या. त्या लेखात 'एकटेपणा' हा शब्द कुठेच नाही. ती नोंद वाचणाऱ्या माणसालाच करावी लागते. सॉफ्टवेअर नोंदी लावतं, आकडे जुळवतं. काय नोंदवायचं ते नाही ठरवत.

इथे आधी आलेल्या पिढीने आपली हकीकत या अंकांतच लिहून ठेवली आहे. त्यांच्यापैकी काहीजण आता आपल्यात नाहीत. उद्या एखाद्या नातवाला आजीबद्दल विचारावंसं वाटलं, तर त्याने कोणतं पान उघडायचं? तेव्हा ज्यांच्या बेसमेंटमध्ये जुने अंक पडून असतील, त्यांनी रद्दीत टाकण्याआधी मला जरूर कळवा.